गुंठा, खोली, फ्लॅट: विश्रांतवाडी परिसरातल्या घरांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

पुण्यात घराचा विषय निघाला की बोलणं चौरस फुटाच्या दरावर सुरू होतं आणि तिथेच संपतं. अमुक भागात अजून जमतं, तमुक भागात आता हात लावायची सोय नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं की आत्ताच बुकिंग करावं. या सगळ्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: घर म्हणजे बिल्डरकडून विकत घ्यायचा तयार फ्लॅट. या शहरातल्या कष्टकऱ्यांपैकी बहुतेकांना घर असं मिळालेलंच नाही. ते हळूहळू उभं राहिलं, कधी कागद नसताना, कधी अर्ध्याच कागदावर, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर. ही घरं शहरानं मोजली ती ‘अतिक्रमण’, ‘अनधिकृत’ किंवा ‘घोषित झोपडपट्टी’ या सदरांखाली. परवडणाऱ्या घरांच्या सदरात ती कधी आलीच नाहीत. या संग्रहाचा आणि या प्रस्तावनेचा रोख या चुकलेल्या मोजणीकडे आहे. परवडणारं घर ही नव्यानं बांधून वाटण्याची वस्तू आहे, असं मानून आपण धोरणं आखतो. पण ते आधीच उभं आहे, आणि त्याच्या खालची जमीन रोज निसटते आहे.

विश्रांतवाडी हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे. आळंदी रस्त्यावरचा हा भाग, एका अंगाला येरवडा, दुसऱ्या अंगाला कळस आणि दिघी, वरच्या बाजूला धानोरी आणि लोहगावचा विमानतळ. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, येरवड्याचं कारागृह १८७१ चं. पुढे मनोरुग्णालय आलं, दिघीची लष्करी आस्थापनं आली, येरवडा-लोहगावच्या पट्ट्यात दगडखाणी चालल्या, आणि गेल्या पंचवीस वर्षांत विमाननगर-खराडीच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. या प्रत्येक कामाला माणसं लागली आणि त्या माणसांनी राहायच्या चार वाटा शोधल्या. कुणाला सरकारी क्वार्टर मिळाली. कुणी मोकळ्या सरकारी किंवा खासगी जागेवर वस्ती केली. कुणी शेतकऱ्याकडून गुंठा-अर्धा गुंठा घेतला. ज्यांना पगाराची पावती होती त्यांनी सहकारी सोसायटी काढली. या चारपैकी एकही वाट ‘परवडणारी घरं’ नावाच्या योजनेतून निघालेली नाही, तरी या भागातली साध्या उत्पन्नाची बहुतेक घरं यांतूनच आली. आज चारही वाटा अरुंद होत चालल्या आहेत. क्वार्टर्स ओस पडताहेत, वस्त्यांवर पुनर्विकासाचे प्रस्ताव आहेत, गुंठ्याचा भाव नोकरदाराच्याही आवाक्यात राहिलेला नाही, आणि जुन्या सोसायट्या पाडून त्यांच्या जागी मोठे फ्लॅट येताहेत.

बाजाराचं गणित एकदा मांडून पाहावं. केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेत ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब, महिन्याला पंचवीस हजार. त्यातले आठ हजार हप्त्याला जातील असं धरलं, तर नऊ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी जेमतेम नऊ लाखांचं कर्ज बसतं. चारशे चौरस फुटांचं घर नुसतं बांधायलाच, साध्यात साध्या दरानं, दहा लाखांच्या आसपास जातात. जमिनीचा एक रुपयाही अजून यात धरलेला नाही. शिवाय हे नऊ लाख बँक देणार कुणाला? रिक्षा चालवणाऱ्याला, धुण्याभांड्याची चार घरं धरलेल्या बाईला, बिगारी कामगाराला पगाराची पावती नसते. म्हणजे योजनेतल्या अडीच लाखांच्या अनुदानानं जी दरी भरून निघेल असं सांगितलं जातं, ती जमिनीच्या किमतीतून आणि पतपुरवठ्याच्या नियमांतून पडलेली आहे. बांधकाम कितीही स्वस्त केलं तरी ती बुजत नाही.

हे नवं ज्ञान नव्हे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची, हा त्याचा विचार. पाडलेल्या खोल्यांतली माणसं शेजारच्या खोल्यांत दाटीनं शिरली. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं चाळी बांधल्या. आज बीडीडी चाळी म्हणून आपण ओळखतो त्या याच. सरकार स्वतः बांधून भाड्यानं देईल, ही त्यामागची भूमिका. १९१८ पासून भाडेनियंत्रण आलं, १९४७ च्या कायद्यानं ते पक्कं झालं. त्यानं लाखो भाडेकरूंना वाचवलं. त्याच वेळी भाडं गोठल्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली, नवी भाड्याची घरं बांधणं थांबलं आणि पागडी रुजली. १९७१ चा झोपडपट्टी कायदा सुधारणा आणि निर्मूलन दोन्हींची भाषा एकाच दमात बोलत होता. १९७६ मध्ये म्हाडाचा कायदा आणि नागरी जमीन कमाल धारणा कायदा एकाच वर्षी आले. दुसऱ्यानं अतिरिक्त जमीन सरकारकडे येऊन तिच्यावर गरिबांची घरं होतील असं वचन दिलं. सवलतींच्या वाटेनं बरीच जमीन सुटली, आणि २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो कायदाच रद्द केला. या शंभर-सव्वाशे वर्षांत हत्यारं बदलत गेली. जमिनीचा प्रश्न मात्र दर वेळी पुढे ढकलला गेला.

पुण्याच्या इतिहासात एक प्रसंग याला अपवाद म्हणून उठून दिसतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठची हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. शासनानं शहराच्या कडेची जमीन घेतली, आणि गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. घरं लहान होती, सोयी तुटपुंज्या होत्या. पण पायाखालची जागा पक्की होती. पुढच्या साठ वर्षांत तिथल्या लोकांनी खोल्या वाढवल्या, मजले चढवले, मुलं शिकवली. त्या वसाहती आज शहराच्या मधोमध आहेत. ही सरकारी कृपेची गोष्ट म्हणून सांगत नाही. सुरक्षित जमीन आणि वेळ हातात आली की उरलेलं काम लोक स्वतः करतात, याचा पुण्यातलाच हा धडधडीत पुरावा आहे.

जगभरच्या विचारांचे प्रवाहही अखेर याच मुद्द्याभोवती फिरतात. एक प्रवाह म्हणतो, घरं शासनानं बांधावीत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या महापालिकेनं खास गृहकर बसवून हजारो भाड्याची घरं बांधली. सिंगापूरनं १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापलं आणि आज तिथले सुमारे ऐंशी टक्के लोक त्या मंडळाच्या घरांत राहतात. आपल्याकडे या दोन शहरांचे दाखले इमारतींचे फोटो दाखवून दिले जातात. पण दोन्हीकडे आधी मोठ्या प्रमाणावर जमीन सार्वजनिक मालकीत आली, मग इमारती आल्या. सिंगापूरचा १९६६ चा भूसंपादन कायदा त्यासाठीच होता. दुसरा प्रवाह जॉन टर्नर यांचा. पेरूमधल्या वस्त्यांत काम करून त्यांनी मांडलं की घराची किंमत ते राहणाऱ्याच्या आयुष्यात काय करतं त्यावरून ठरवावी. त्यांच्याही आधी, १९१५ नंतरच्या काही वर्षांत, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातल्या शहरांना सांगत फिरत होते की जुन्या वस्तीवरून बुलडोझर वृत्तीनं रस्ते काढू नका, जिथे अडतं तेवढंच हळुवार सोडवा. इंदूरला बाळकृष्ण दोशींनी आखलेली अरण्य वसाहत, चार्ल्स कोरिया यांचं बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, चिलीतली अर्धं बांधून अर्धं रहिवाशांवर सोडलेली घरं ही याच विचाराची पुढची रूपं. तिसरा प्रवाह बाजाराला हाताशी धरतो. मुंबईत १९९५ पासून आणि पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये २००५ पासून चाललेलं झोपडपट्टी पुनर्वसन त्याचं उदाहरण: रहिवाशांना मोफत घर, बिल्डरला जादा चटई क्षेत्र, आणि हा सगळा खर्च जमिनीच्या चढ्या भावातून निघायचा. जिथे भाव फार चढा तिथे प्रस्तावांची रांग लागते, जिथे नाही तिथे वस्ती वर्षानुवर्षं लटकते. विश्रांतवाडीत विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन, दिघीच्या दारूगोळा कोठाराभोवती आणखी बंधनं. त्यामुळे उंच बांधून खर्च काढायचं हे सूत्र इथे मुळातच तोकडं पडतं.

येरवड्यात याहून वेगळा प्रयोग झाला, आणि तो पुण्यानं इतक्या लवकर विसरावा याचं वाईट वाटतं. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीतून, २००९ च्या सुमारास, तिथल्या काही वस्त्यांत घरं जागच्या जागी बांधायचं ठरलं. महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेनं घरोघरी मोजणी केली. स्पार्क आणि मशाल यांसारख्या संस्था, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई आणि बाहेरून आलेले दोन तरुण वास्तुरचनाकार असे सगळे कामाला लागले. घर २७० चौरस फुटांचं, खर्च सुमारे तीन लाख, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. नमुने तीन: एक दुमजली, ज्यावर पुढे मजला चढवता येईल, दुसरा खांबांवर, खालची जागा दुकानाला किंवा गाडीला मोकळी, तिसऱ्यात मधला मजला रिकामा, हातात पैसे आले की भिंती घालायच्या. जुन्या झोपडीच्या पायावरच नवं घर, त्यामुळे शेजार तोच, शाळा तीच, कामावर जायची वाट तीच. अडचणी खऱ्या होत्या. ज्यांची जागा २७० चौरस फुटांसाठी अपुरी पडली त्यांचं काय करायचं, सामायिक भिंत असलेला शेजारी तयार नसेल तर काय, बांधकाम चालू असताना भाड्यानं कुठे राहायचं, आधीच पक्कं बांधलेल्यांना योजनेतून वगळल्यामुळे गल्ली एकसारखी कशी सुधारणार. तरीही मधल्या मजल्याची ती रिकामी जागा मला फार शहाणपणाची वाटते. कुटुंब वाढणार आहे, कमाई आज कमी असली तरी उद्या थोडी वाढेल, हे एखाद्या सरकारी योजनेनं नकाशातच मान्य करणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

वस्तीवर निदान पुस्तकं आणि अहवाल निघाले. गुंठेवारीकडे मात्र अभ्यासकांचंही फारसं लक्ष गेलेलं नाही, आणि विश्रांतवाडी-धानोरी-लोहगाव पट्टा तिच्याशिवाय समजत नाही. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार शेतजमिनीचा एवढा लहान तुकडा विकता येत नसे. मग व्यवहार व्हायचा नोटरी केलेल्या साठेखतावर आणि कुलमुखत्यारपत्रावर. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं, नाहीतर पंधरा-वीस खरेदीदारांची नावं एकत्र चढतात. बँक कर्ज देत नाही. पैसा येतो भिशीतून, पतपेढीतून, मोडलेल्या दागिन्यातून, गावाकडची जमीन विकून. आधी पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाडेकरूसाठी, आणि त्या भाड्यावर पुढचा मजला. एका गुंठ्यावर अशी तीन-चार कुटुंबं राहतात, आणि त्यातले भाडेकरू शहरातल्या सर्वांत स्वस्त, अनौपचारिक घरबाजारात असतात. महापालिका या बांधकामांकडून कर घेते आणि कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हेही ठणकावते. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली, २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. पण अट आहे एकरकमी शुल्काची, नकाशाची, स्वच्छ मालकी कागदाची. पायरीपायरीनं बांधणाऱ्या माणसाकडे नेमक्या याच गोष्टी नसतात.

इथे पहिला आक्षेप येणारच: हे म्हणजे बेकायदा बांधकामाला पाठीशी घालणं झालं, नियम पाळून कर्ज फेडणाऱ्यानं काय पाप केलं? आक्षेप हलका नाही. पण एक-दोन गुंठ्यांवर कायदेशीर घर बांधायची वाट ज्या कायद्यानं ठेवलीच नव्हती, त्याच कायद्यानं मग बेकायदेशीरपणाचा शिक्का मारायचा, यात न्याय कुठला? नियम कडक ठेवायचे असतील तर आधी लहान भूखंडांचे अधिकृत आराखडे पाडून द्यावेत, रस्ता, पाणी, ड्रेनेज आखून द्यावं. सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. अरुंद गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही, कच्च्या पायावर चौथा मजला चढतो. यावर उपाय हवाच, आणि काही घरं हलवावीही लागतील. नाल्याच्या पूररेषेत राहणाऱ्यांना ‘जागच्या जागी’चा आग्रह धरायला सांगणं बेजबाबदारपणा ठरेल. पण बाकीच्या ठिकाणी गल्ली रुंद करण्यापुरती घरांची फेररचना आणि पालिकेकडून स्वस्तात मिळणारा बांधकाम सल्ला यांनी बराच धोका टळतो. सगळं पाडण्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा: पुरवठा वाढू द्या, दर आपोआप उतरतील. यात तथ्य आहे, लहान आकाराची घरं बाजारात आली तर खालच्या मध्यमवर्गावरचा ताण नक्की हलका होईल. पण केंद्राच्या तांत्रिक गटानं २०१२ साठी देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा काढला, तेव्हा २०११ च्या जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. त्या तुटवड्यातला सुमारे ९६ टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा. आणि त्यातला फार मोठा हिस्सा रस्त्यावर राहणाऱ्यांचा नव्हे, दाटीनं राहणाऱ्यांचा. त्यांना डोक्यावर छप्पर आहे, जागा अपुरी आहे. एक खोली वाढवायचा हक्क आणि थोडं कर्ज मिळालं तर यातल्या अनेकांचा प्रश्न नवा टॉवर न बांधता सुटतो. २०१३ मध्ये राज्यानं दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के घरं लहान ठेवण्याचा नियम केला. नियम चांगला आहे. पण ती घरं म्हाडाकडे प्रत्यक्षात पोचतात का यावरून २०२२ मध्ये नाशिकचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, आणि म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं तरी हप्त्याचं वर मांडलेलं गणित काही बदलत नाही.

‘सर्वांसाठी घर’ यातल्या ‘सर्वांसाठी’चा विचार तर आपण आणखीच उरकून टाकतो. १९६१ मध्ये देशातल्या शहरांत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहत होती; २०११ पर्यंत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आलं. सगळं अनुदान मालकीच्या घराकडे, आणि नव्यानं शहरात येणाऱ्याला लागते भाड्याची खोली. ती मिळताना आडनाव विचारलं जातं, धर्म विचारला जातो, एवढंच नव्हे तर त्यावरून दारच बंद होतं. एकट्या बाईला, तृतीयपंथीयाला, कधी नुसत्या मांसाहारी कुटुंबालाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, कारण फुटपाथवरच्या माणसाची जागा हलवली की त्याचं कामच जातं. हे पुनर्वसनात आजही सोसावं लागतं. मेट्रोसाठी शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतली कुटुंबं विमाननगर-हडपसरकडे गेली तेव्हा त्यांना घर मिळालं, पण मंडईची, घरकामाची, हातगाडीची रोजची ठिकाणं दूर राहिली. बहुमजली पुनर्वसनात लिफ्ट बंद पडली की गुडघे गेलेली म्हातारी सातव्या मजल्यावर अडकते, आणि लिफ्टचा मेंटेनन्स भरायला सोसायटीकडे पैसा नसतो. घर परवडण्याचा हिशोब किल्ली मिळाल्यानंतरही चालूच राहतो.

हा विषय आत्ताच पुढे आणायला कारण आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अठरा वर्षांनंतर नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, पाच वर्षांत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलं. कळस आणि धानोरी १९९७ च्या हद्दवाढीत पालिकेत आले, लोहगावचा उरलेला भाग २०१७ मध्ये, आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं जोडली गेली. या गावांच्या विकास आराखड्यांत कुठली जमीन कशासाठी राखायची हे ठरतं आहे, आणि एकदा ठरलं की एक पिढी तरी बदलत नाही. संगमवाडी ते विश्रांतवाडी बीआरटी बसमार्ग २०१५ मध्ये सुरू झाला, येरवड्यापर्यंत मेट्रो पोचली. सार्वजनिक पैशानं वाहतूक सुधारली की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, आणि त्या चढलेल्या भावानंच बसमध्ये बसणारा माणूस वाघोलीच्या पलीकडे ढकलला जातो. हा चढलेला भाव थोडा तरी सार्वजनिक तिजोरीत आणायचा आणि त्यातून जमीन राखायची, की तो पूर्ण खासगी हातात जाऊ द्यायचा, हा निर्णय आज घेतला नाही तर पुढे घ्यायला जमीन उरणार नाही.

या संग्रहातले लेख एका मताचे नाहीत, आणि ते तसे असावेत असा आग्रहही नव्हता. काहींना पुनर्वसनाच्या चालू चौकटीतच सुधारणा शक्य वाटते, काहींना सामूहिक मालकीच्या जमिनीशिवाय मार्ग दिसत नाही. मी दुसऱ्यांच्या जवळ आहे, कारण एकट्या कुटुंबाच्या नावे आलेला कागद चढत्या बाजारात फार काळ टिकत नाही. सर्वांनी मिळून केलेलं काम एवढंच की एका परिसराची घरं त्यांच्या कागदांसकट, भाड्यांसकट, जिन्यांसकट आणि कामाच्या अंतरासकट वाचायची. वस्ती, गुंठेवारी, क्वार्टर आणि सोसायटी यांवर स्वतंत्र पुस्तकं होऊ शकतील, पण त्या एकाच नकाशावर ठेवल्याशिवाय एकीकडची सुधारणा दुसरीकडच्या भाडेकरूला कशी हुसकावते हे दिसत नाही. वॉर्डसभेत, सोसायटीच्या बैठकीत, विकास आराखड्यावरच्या हरकती लिहिताना हे पुस्तक हाताशी ठेवता यावं, अशीच त्याची रचना आहे. हरकत नोंदवायला मुदत थोडी असते आणि नकाशे वाचायला अवघड असतात. सर्व्हे नंबर, आरक्षणाचं चिन्ह, रस्त्याची रुंदी कशी पाहायची हे यात एका लेखात सविस्तर दिलं आहे, आणि माझ्या मते वाचकानं सुरुवात तिथूनच करावी.